सुटीवरचा माणूस

आमच्या घरात एक नियम होता. तो कोणी ठरवून केलेला नव्हता, पण सगळे अगदी मनापासून पाळत. सुटीवर आलेल्या माणसाला काम सांगायचं नाही.

माझा नवरा नौदलात होता. सहा-आठ महिन्यांतून एकदा तो अकोल्याच्या स्टेशनावर उतरायचा, ऑटो करून जठारपेठेतल्या आमच्या घरी यायचा, आणि दारात बॅग टेकवल्या क्षणापासून त्याच्या हाताला कशाचीही झळ लागू नये म्हणून आम्ही तिघी कंबर कसायचो. तिघी म्हणजे मी, माझ्या सासूबाई आणि माझी मुलगी. जेवण झाल्यावर तो आपलं ताट उचलायला गेला की सासूबाई ते हिसकावून घ्यायच्या. "राहू दे बाप्पा, तिकडे काय कमी कष्ट हायेत तुले?" तो पाण्यासाठी उठला की मुलगी धावत जाऊन तांब्या आणायची. मी तर चहाचं आधण गॅसवरून उतरवतच नसे. घरात जावई आणि नवरदेव यांचा मिळून जेवढा मान असतो, तेवढा त्या एका माणसाचा होता.

हे सगळं लग्नानंतरच्या पहिल्या सुटीत सुरू झालं. तेव्हा सासूबाई तेल्हाऱ्याजवळच्या गावीच राहत. शेतात कापूस फुटला होता. नवरा हौसेनं वेचणीला निघाला, कमरेला वेचलेला कापूस भरायची ओटीही बांधली, तर सासूबाईंनी ती सोडली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. "पाण्यावरून आलेल्या लेकराले मी उन्हात घालू काय?" म्हणाल्या. मी नवी सून, अमरावतीच्या शहरात वाढलेली. मला त्या मायेचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे सासरे गेले, सासूबाई अकोल्याला आमच्याकडे राहायला आल्या, आणि येताना तो नियमही घेऊन आल्या.

दुसरा नियम मी आणला. लग्नानंतर दोन वर्षं मी विशाखापट्टणमला क्वार्टरमध्ये राहिले होते. तिथे जुन्या बायका नव्या बायकांना शिकवतात, की जहाजावरून फोन आला की वाईट बातमी सांगायची नाही. त्याला तिथून उठून येता येत नाही, मग सांगून करायचं काय? नुसता जीव टांगणीला लागतो. मला शाळेत नोकरी लागली म्हणून मी अकोल्याला आले, पण ती शिकवण काही सुटली नाही. सासूबाईंच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा मी फोनवर सांगितलं, आईंचा चष्मा बदलला. मुलगी टायफॉइडनं आठवडाभर झोपून होती तेव्हा सांगितलं, शाळेला सुट्टी आहे, मजेत आहे. त्याच्या हिशेबी आमच्या घरात कधी कोणाला साधा खोकलासुद्धा होत नव्हता.

त्या वर्षी त्याचं जहाज एडनच्या आखाताकडे गेलं होतं. व्यापारी जहाजांना चाच्यांपासून राखायचं, त्यांच्या सोबतीनं जायचं, असं काम. दरवेळेपेक्षा ती मोहीम फार लांबली. मध्ये-मध्ये टीव्हीवर त्या पाण्यातल्या जळत्या जहाजांची चित्रं दाखवायचे आणि मी सासूबाईंच्या आधी रिमोट उचलायचे. शाळेत मोबाइल पर्समध्ये ठेवायचा असतो. मी फळ्यावर लिहीत असायचे आणि अर्धं लक्ष त्या पर्सकडे. मला भीती वाटायची. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, कारण आमच्या घरात ज्याला सांगावं तोच समुद्रात होता.

तो परत आला तो वाळलेला, नाकाची साल निघालेला, आणि नेहमीपेक्षा गप्प. सुटी मोठी मिळाली होती. त्याचं कारणही होतं. पंधरा वर्षांचा त्याचा करार संपत आला होता. आता नौदलातून उतरायचं, की पुढची काही वर्षं वाढवून घ्यायची, हे त्याला सुटी संपायच्या आत कळवायचं होतं. जहाजावरचे साहेब लोक त्याला सोडायला तयार नव्हते. रडारच्या पडद्यासमोर बसणारा इतका तयार माणूस पुन्हा घडवायला किती वर्षं लागतात, असं ते म्हणत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मला तो घरी हवा होता. एवढं साधं वाक्य, पण ते त्याच्यापुढे बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. एरवी माझी जीभ कशी चालते ते आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. मला वाटायचं, त्याच्या मनानं ठरू दे. थकून आलाय, त्याच्यावर आपलं ओझं कशाला? सुटीवरच्या माणसाला काम सांगत नाहीत, आणि माझ्या मते हेही एक कामच होतं. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. त्याला घर इतकं गोड लागावं, की पाय निघू नये. सासूबाईंचाही तोच विचार. कधी वांग्याची भाजी आणि पानगे, कधी पातोडीची रस्साभाजी. त्याची लाडकी हिरव्या मिरचीची ठेचाभाकर तर रोजच. आम्ही दोघी जणू त्याला बांधून ठेवायला निघालो होतो.

आणि तो दिवसेंदिवस हरवल्यासारखा होत चालला.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचा, अंथरुणाची घडी अशी घालायचा की तिच्या कडा मोजून घ्याव्यात, आणि मग काय करावं न सुचून गच्चीवर जाऊन उभा राहायचा. आठवडी बाजारात चुकलेल्या माणसासारखा चेहरा. मार्च लागला होता. अकोल्यात मार्च लागला म्हणजे कूलर काढायचे. मी दरवर्षी शाळेतून आल्यावर पदर खोचते, जाळीतला जुना वाळा काढून फेकते, नवा भरते, पंप घासते, पंख्याला तेल देते. त्या दिवशी आले तर तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन कूलरपुढे बसलेला. मला एकदम भरूनच आलं. म्हटलं, एवढ्या लांबून आला आणि वाळ्याच्या धुळीत बसलाय!

"उठा बरं तुमी," मी म्हटलं. "हे माहं दरसालचं हाय. मी करतो पटकन."

"मी करतो ना."

"तुमाले नाही जमत त्याचं. त्याचा पंप उलटा बसवा लागते."

तो उठला. सासूबाईंनी लगेच त्याच्या हातात लिंबूसरबताचा ग्लास दिला. खुर्चीवर बसून तो मला कूलर भरताना पाहत राहिला. आम्हा दोघींना फार समाधान वाटलं.

नळाच्या दिवशीही तेच. आमच्याकडे नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, उन्हाळ्यात त्याहूनही लांबतो. आला की ड्रम, टाकी, मोटर, पाइप, अशी धावाधाव. ज्या माणसानं समुद्रात गोड्या पाण्याचा थेंब-थेंब जपून वापरला, त्याला आम्ही सांगितलं, तुम्ही बसा, तुम्हाला यातलं माहीत नाही.

एकदा मुलीच्या सायकलची चेन उतरली. ती अंगणातून आत आली. तो दारातच बसला होता. त्याच्या गुडघ्याला वळसा घालून, माजघर ओलांडून, ती स्वयंपाकघरात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, चेन उतरली." मी कणकेचे हात धुतले आणि गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडेही मी पाहिलं नाही.

मध्ये अमरावतीला माहेरी जाऊन आलो. तिथे तर तो जावई, म्हणजे विचारायलाच नको. माझ्या आईनं त्याला पलंगावरून खाली उतरू दिलं नाही. बाबांनी चौकातून गिला वडा आणवला आणि तो खाता-खाता मनातली योजना मांडली. "जावईबापू, उतराच आता. माजी सैनिकाले नोकरीत जागा असते. बँक हाय, वीज मंडळ हाय. मी चौकशी करून ठेवली. तुमाले काहीच करा लागत नाही. फक्त हो म्हणा."

"पाहू," तो म्हणाला.

परतताना बसमध्ये मी शेवटी धीर केला. बडनेरा मागे पडलं होतं. खिडकीतून झळा यायला लागल्या होत्या.

"साहेब लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"राहा म्हणतात."

"अन् तुमी?"

"पाहू."

माझ्या कपाळाची शीर उठली. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून मी ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवसाच्या तोंडावर हा माणूस 'पाहू' म्हणतो? मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. त्यानं एकदा पाण्याची बाटली पुढे केली, तीही मी घेतली नाही. अकोला येईपर्यंत मला खात्री पटली होती, की हा जाणार. आपल्या प्रेमात काही तरी कमी पडलं आणि हा जाणार.

त्यानंतरच्याच रविवारी त्याचे चीफ आले. चीफ म्हणजे जहाजावरचे त्याचे वडीलधारी, त्याच्या हाताला धरून त्याला काम शिकवलेले. रायपूरकडचे होते. मुंबईहून सुटीवर गावी निघाले होते आणि वाटेत अकोला लागतं म्हणून सकाळच्या गाडीनं उतरले, संध्याकाळच्या गाडीनं पुढे जाणार होते. कशासाठी उतरले ते त्यांनी दारातच सांगून टाकलं. "भाभीजी, मैं इसको वापस ले जाने आया हूँ." आणि मोठ्यानं हसले. माणूस इतका मोकळा, की रागावताही येईना.

मी जेवायला वाढलं. कूलर घरघरत होता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना हिंदी बोलता येत नाही, पण समजते सगळी. चीफ जेवता-जेवता जहाजाच्या गोष्टी सांगायला लागले आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, की माझा नवरा हसतोय. मान वर करून, मध्येच त्यांचं वाक्य दुरुस्त करून, हातानं हवेत जहाजाची दिशा दाखवत. हा चेहरा या घरात मी कधी पाहिलाच नव्हता. मला त्या जहाजाचा असा मत्सर वाटला, की सवतीचासुद्धा वाटला नसता.

"ये जब वॉच देता है ना, भाभीजी," चीफ म्हणाले, "तो पूरा समंदर हाथ में रख देता है."

वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी, एवढं मला माहीत होतं. ती द्यायची कशी असते ते त्यांनी समजावलं. पाळी संपली म्हणून कोणी घड्याळ पाहून उठत नाही. ज्याची पुढची पाळी असते तो येऊन शेजारी उभा राहतो. बसलेला माणूस त्याला एकेक सांगतो. इथे मासेमारीची एक नाव आहे, ती दिवा लावत नाही. तिकडून तेलाचं जहाज येतंय, ते वळणार नाही, तुलाच वळावं लागेल. या ठिपक्याचा मला भरवसा वाटत नाही, याच्यावर डोळा ठेव. आलेला माणूस ते सगळं स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणतो आणि मग म्हणतो, घेतली. तो 'घेतली' म्हणेपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही. एकदा खवळलेल्या समुद्रात याच्या जागी येणारा पोरगा ओकून-ओकून पडला, तर हा पुढची अख्खी पाळी बसून राहिला. चीफनी स्वतः येऊन घेतली, तेव्हा उठला.

"रिलीफ के बिना कैसे उठेगा?" चीफ म्हणाले. "ऐसा आदमी कौन छोड़ेगा? बोल बेटा, कुछ साल और?"

नवऱ्यानं ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "वहाँ मेरी जगह है, चीफ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. "इथं माहं काय काम हाय, सांग. सगळं बराबर चालू हाय. मी नसलो तरी चालते. मी आलो का तुमालेच त्रास. पाहुणा किती दिवस राहीन?"

माझ्या हातात भाजीचा डाव होता. तो मी पातेल्यात ठेवला.

"चीफ साब," मी म्हटलं, "आपके जहाज पे रिलीफ के बिना कोई उठता नहीं ना? मैं बारह साल से बैठी हूँ. मेरा रिलीफ किधर है?"

हिंदी तेवढीच पुरली. पुढचं आमच्या बोलीतच आलं. नवऱ्याकडे पाहून मी म्हटलं, "सगळं बराबर चालू हाय म्हणता ना? ते आपोआप चालू नाही. मी उठलीच नाही, म्हणून चालू हाय. नळ येते तवा मी बसली. पोरगी तापली तवा मी बसली. गावचं वावर कोणाले बटईनं द्यायचं, मीच पाहतो. मले वाटे, हा माणूस आता येईन अन् म्हणन, ऊठ, मी बसतो. अन् तुमी म्हणता, इथं काम काय हाय!"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

चीफ पाणी प्यायले. मग अगदी हळू म्हणाले, "भाभीजी, बात सोलह आने सही है. पर एक बात पूछूँ? आपने इसको वॉच दी कभी? बिना बताए कोई कैसे लेगा? इसको तो पता ही नहीं, समंदर में क्या-क्या है."

माझ्याऐवजी भिंतीकडून सासूबाई बोलल्या.

"खरं हाय बाप्पा. माहा डोळा कापला, ते बी याले माहीत नाही."

"डोळा?" नवरा म्हणाला. "कोणता डोळा?"

"हा, उजवा."

तो खरकट्या हातानंच उठला. आईपुढे उकिडवा बसला, डाव्या हातानं तिची हनुवटी वर केली आणि खिडकीच्या उजेडात तो डोळा कितीतरी वेळ पाहत राहिला. "चष्मा बदलला म्हणे," तो म्हणाला.

"तो बी बदलला," सासूबाई म्हणाल्या.

चीफना हसू आवरेना, आणि मग आम्हीही हसलो, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही ज्याला माया-माया म्हणत होतो, त्या मायेनं त्याला या घरात उभं राहायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. आम्हाला तो हवा होता आणि आम्हीच त्याला रोज थोडा-थोडा समुद्राकडे ढकलत होतो.

संध्याकाळी चीफ निघाले. सासूबाईंनी त्यांच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. माझ्या स्कूटीवर नवऱ्याच्या मागे बसताना ते मला म्हणाले, "आया था लेने, दे के जा रहा हूँ." नवरा त्यांना स्टेशनावर सोडून आला, आणि आल्यावर गच्चीवर जाऊन उभा राहिला. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला खरंच कळलं नाही. चीफना तो काय म्हणाला असेल, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी सवयीनं पाइप घ्यायला धावले, तर तो ड्रमपाशी आधीच उभा होता. पाइप माझ्या हाताला लागू दिला नाही. नळाजवळच्या पायरीवर बोट दाखवून म्हणाला, "बस. अन् सांग."

"काय सांगू?"

"सगळं. काय-काय हाय ते."

मी बसले. आधी हसूच आलं, शाळेत पाठ घ्यायला सांगितल्यासारखं. म्हटलं, हा ड्रम पिण्याचा, तो वापरायचा. मोटर सुरू केली का गच्चीवरची टाकी पाहा लागते, नाही तर वाहते आणि समोरच्या काकू बोंब मारतात. तो शब्दन् शब्द पुन्हा म्हणाला, पडद्यासमोर बसून म्हणत असेल तसा सपाट आवाजात. "टाकी पाहायची. काकू बोंब मारतात." मी सांगत गेले. आईच्या डोळ्यात थेंब घालायचे, त्या घालून घेत नाहीत, बुद्धविहारात निघाल्या की पांढरं लुगडं नेसून दारात उभ्या असतात तेव्हा तेवढ्यात गाठायचं. मुलीला गणिताची भीती वाटते, पण ती म्हणते पोटात दुखतं. गावचा बटईदार, आपलं शेत वाट्यानं कसणारा, चांगला आहे, पण त्याला दरवर्षी बियाणं कोणतं घ्यायचं ते दोनदा विचारावं लागतं. ड्रम भरला, दुसरा भरायला लागला. मी सांगत होते आणि तो म्हणत होता. मग न सांगितलेलं यायला लागलं. टायफॉइड. मोतीबिंदूच्या वेळची धावपळ. सासरे गेले त्या दिवशी तो पोचेपर्यंत लोक थांबले नव्हते, हे त्याला माहीत होतं, पण त्यांनी थांबावं म्हणून मी किती हातापाया पडले होते, हे त्याला माहीत नव्हतं. आणि शेवटी मी म्हटलं, की टीव्हीवर जहाज जळताना दाखवलं त्या दिवशी मी नववीच्या वर्गात कविता शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी बातमी सांगितली होती. मी कविता पूर्ण शिकवली. नंतर घंटा झाली तरी माझ्यानं खुर्चीवरून उठवेना.

तो ते पुन्हा म्हणायला लागला. "टीव्हीवर जहाज जळताना दाखवलं. तू नववीच्या वर्गात…" आणि त्याला पुढे म्हणता येईना. पाइपमधून पाणी ड्रमात पडत होतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी शेवटपर्यंत म्हणाला.

मग म्हणाला, "घेतली."

त्यानं भरलेल्या ड्रमावर झाकण ठेवलं.

"आज फोन करतो जहाजावर," तो म्हणाला. "सांगतो, उतरून राह्यलो म्हणून."

"समुद्राची आठवण येईन तुमाले."

"येईन ना. लय येईन."

ते त्यानं इतकं सरळ सांगितलं, की मला बरं वाटलं. खोटं बोलला असता, तर पुन्हा तेच फोनवरचं सुखी घर सुरू झालं असतं. मी त्याच्या ओल्या हातावर हात ठेवला. "येऊ द्या," मी म्हटलं.

"ऊठ आता," तो म्हणाला.

मी उठले आणि मला कळेना कुठे जावं. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाईंनी कुकर लावलेला. मी उगीच ओटा पुसला, परत आले, कूलरसमोरच्या खाटेवर जराशी टेकले. बारा वर्षांत सकाळच्या वेळी मी कधी आडवी झाले नव्हते. डोळा कधी लागला ते समजलंच नाही.

जाग आली ती समोरच्या काकूंच्या आवाजानं. "अवो मॅडम! टाकी वाहून राह्यली तुमची!" पाणी गच्चीवरून अंगणात पडत असल्याचा आवाज येत होता. आता हे होणारच होतं, सांगून काय उपयोग, असं पुटपुटत मी पाय खाली टाकले, चप्पल शोधली.

तेवढ्यात अंगणातून माझ्या मुलीचा आवाज आला. तिनं मला हाक मारली नाही. ती ओरडली, "पप्पा, टाकी!"

"पाह्यलं, पाह्यलं!" तो म्हणाला, आणि त्याची धावती पावलं जिन्यावर वाजली.

खाली टाकलेले पाय मी पुन्हा वर घेतले.